किती दिस रवतलंस? वेंगुर्ल्याजवळच्या एका घरात स्वयंसेवक म्हणून चौदा आठवडे

वेंगुर्ला आणि शिरोड्याच्या मधल्या पट्ट्यात, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी दोन कौलारू घरं काजूच्या बागेला लागून आहेत. एकात आठ बायका, दुसऱ्यात सहा पुरुष. वयं चोवीसपासून सदुसष्टपर्यंत. कुणाला डाउन सिंड्रोम, कुणाला सेरेब्रल पाल्सी. कुणी दिवसभर बोलतं पण त्याला दहा रुपये मोजता येत नाहीत, कुणाला सगळं कळतं पण शब्द फुटत नाही. त्यांच्याबरोबर दोन सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, आणि पाच सहाय्यक त्याच छपराखाली राहतात, तेच जेवतात. ख्रिस्ती समुदायाचं हे घर. १ फेब्रुवारी ते १० मे २०२५ मी तिथे स्वयंसेवक म्हणून राहिले, आणि जुलैत पुन्हा आठ दिवस जाऊन आले. कुणाला असं काम करायचं मनात असेल, किंवा माझ्यासारखं कुणी घरच्या माणसासाठी जागा शोधत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

घराचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना "तुमच्याबद्दल इंटरनेटवर लिहू का?" असं विचारून खरं उत्तर मिळण्यासारखं नाही, म्हणून त्यांची नावंही नाहीत. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी वेंगुर्ल्यात किंवा सावंतवाडीत कुठल्याही चर्चमध्ये विचारावं, फादर पत्ता सांगतात.

मी पोस्टात होते. छत्तीस वर्षं नोकरी, शेवटची नऊ सब-पोस्टमास्तर. डिसेंबर २०२४ ला निवृत्त झाले. घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई आणि चौपन्न वर्षांचा धाकटा भाऊ. भाऊ जन्मापासून वेगळा. गावात त्याला काय म्हणतात ते लिहायला हात धजत नाही, पण ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना तो शब्द माहीत आहे. आईचा एकच घोर: माझ्यामागे याचं काय? मी आहे म्हटलं तरी मी साठीची, आणि माझ्यामागे कोण, हा प्रश्न उरतोच. म्हणून मी हे घर पाहायला गेले. सिस्टरांना फोनवरच सांगितलं की मनात भावाचा विचार आहे. त्या म्हणाल्या, "दोन दिवस येऊन पाहिलंत तर चहा आणि स्वच्छ अंगण एवढंच दिसेल. तीन महिने काढा." येण्याआधी पोलीस पडताळणीचा दाखला, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आता वाटत नाही.

पहिल्या दिवशी रिक्षातून बॅग उतरवत होते तोवर एक मावशी आल्या. पन्नाशीच्या, केसांचा बॉयकट, डावा हात छातीशी दुमडलेला. नमस्कार नाही, नाव नाही. विचारलं, "किती दिस रवतलंस?" म्हणजे किती दिवस राहणार. मी म्हटलं, तीन महिने. त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि निघून गेल्या. मला वाटलं गंमत आहे. आठवड्याभरात कळलं की त्या येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारतात आणि उत्तर विसरत नाहीत. त्याबद्दल पुढे लिहीनच, कारण माझी या घराबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे.

दिवस साडेपाचला सुरू होतो. ओल्या चादरी काढणं, आंघोळी, दाढ्या, वेण्या. मग उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. नंतर गोळ्या. कुणी काय घेतलं ते वहीत लिहून सही करायची, आणि ती सही दुसऱ्याने तपासायची. साडेनऊपासून काम. काम म्हणजे वेळ घालवायला दिलेलं काही नव्हे. माडाच्या झावळांचे हीर काढून खराटे बांधतात, ते वेंगुर्ल्याच्या बाजारात विकले जातात आणि पैसे प्रत्येकाच्या नावच्या डब्यात जातात. काजूच्या बिया बागेतून गोळा करायला सगळे जातात, पण फोडायला कुणाला देत नाहीत, कारण सालीतला चीक कातडी भाजतो आणि "हात लावू नको" हे लक्षात ठेवणं सगळ्यांना जमत नाही. एप्रिलच्या शेवटी कोकम आले. सालं आगळात, म्हणजे कोकमाच्याच रसात, बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा घालायची. चार-पाच दिवस तेच ते करायचं असतं, आणि तेच ते करण्यात आनंद वाटणारे दोन दादा तिथे आहेत. त्यांच्या हातची आमसुलं मी घरी आणली आहेत. आई म्हणते अशी काळीभोर आमसुलं तिने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

पण घर ओळखायचं असेल तर जेवणाच्या टेबलाशी बसावं. एकच लांब टेबल, सगळ्यांना सारखी स्टीलची ताटं. सिस्टर, पाहुणे, कलेक्टर कचेरीतून आलेले साहेब, सगळे त्याच बाकावर. वाढायला सुरुवात होते ती सगळ्यात सावकाश जेवणाऱ्यापासून, म्हणजे सगळे बरोबर उठतात. मी इतर दोन संस्थांत जेवणाची वेळ पाहिली आहे. तिथे आधी "मुलांना" भरवून घेतात आणि मग कर्मचारी आपले शांतपणे जेवतात. चाळीस वर्षांच्या बाईला "मुलं" म्हणणं आणि तिला वेगळं जेवायला घालणं या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे मला या टेबलाशी बसल्यावर कळलं. इथे वयाप्रमाणे मावशी, काका, दादा, ताई. चोविशीचा मुलगा तेवढा नावाने.

माझ्याकडे एका काकांना भरवायचं काम होतं. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना गिळायला त्रास होतो. हे काम शिकायला मला तीन आठवडे लागले. त्यांना ताठ बसवायचं, मान मागे जाऊ द्यायची नाही, हनुवटी किंचित खाली. भात मऊ, कालवण घालून एकजीव केलेला. चमचा छोटा. आपण बाजूला उभं राहायचं नाही, समोर त्यांच्या उंचीवर बसायचं. एक घास गिळला हे गळ्याकडे पाहून कळलं की मगच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घाई केली की ठसका, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. एका जेवणाला पन्नास मिनिटं. पहिले काही दिवस मी मनात पुढची कामं मोजत असायचे. काका ते ओळखत. माझं लक्ष गेलं की तोंड मिटून घेत. बोलता येत नसलेल्या माणसाने मला समोरच्याकडे नीट पाहायला शिकवलं, हे मी कृतज्ञतेने लिहिते.

आणि मासे. कोकणातलं माणूस माशाशिवाय किती दिवस राहील? पण काटा अडकण्याची भीती सगळ्यांनाच असते, इथे ती जिवावरची. म्हणून बांगडा आणला की आम्ही तिघी बसून प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून काटे काढायचो. पेडवे, तारल्या घरात येतच नाहीत. आठवड्यातून एकदा मोरी, म्हणजे शार्क मासा, कारण मोरीला काटे नाहीत, मधली कूर्चा तेवढी काढली की झालं. मोरीचं तिखलं असेल त्या दिवशी काका पस्तीस मिनिटांत जेवत. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातलं नाही, स्वयंपाकाच्या बाईंचं आहे. चौदा जणांपैकी कुणाला काय गिळतं, कुणाला काय चालत नाही हे त्यांना तोंडपाठ. संस्थेच्या कागदांवर त्यांचं पद "मदतनीस" आहे. माझ्या मते त्या घरातल्या सगळ्यात जाणत्या व्यक्ती आहेत आणि त्यांचा पगार तसा असायला हवा. हे मी निघताना लेखी दिलं आहे.

आता जे चुकलं ते.

चौथ्या रात्री मी बायकांच्या घरात एकटी होते. बरोबरची सहाय्यक मुलगी पुरुषांच्या घरात कुणाला उलटी झाली म्हणून गेलेली. दीड वाजता एका ताईंना फिट आली. मला फिट येणाऱ्या माणसाची सवय नाही, माझ्या भावाला तो त्रास नाही. लहानपणी पाहिलेलं तेवढं डोक्यात: कांदा हुंगवा, चप्पल नाकाशी धरा, दातखीळ बसू नये म्हणून चमचा घाला. मी चमचा शोधायला धावले. तेवढ्यात मुलगी परत आली. तिने माझ्या हातातला चमचा घेऊन बाजूला ठेवला, ताईंच्या डोक्याखाली चादरीची घडी सरकवली, जवळचं स्टूल लांब ढकललं आणि घड्याळ पाहत बसली. हातपाय दाबून धरले नाहीत, तोंडात काही घातलं नाही. झटके थांबल्यावर त्यांना कुशीवर वळवलं, लाळ पुसली, कानाशी त्यांचं नाव घेत राहिली. सव्वादोन मिनिटं. पाच मिनिटांपुढे गेलं असतं तर गाडी काढून दवाखाना, हे तिने मला नंतर सांगितलं. तेवीस वर्षांची मुलगी, आंबोलीकडच्या गावातली.

सकाळी मी सिस्टरांवर चिडले. घरात तिघींना फिट येते आणि हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. प्रशिक्षण म्हणून बारा पानांची इंग्रजी फाइल हातात दिली होती, तिच्यात हे नवव्या पानावर होतं. मला इंग्रजी वाचता येतं. स्वयंपाकाच्या बाईंना येत नाही, दोन सहाय्यकांना जेमतेम येतं. सिस्टरांनी चूक लगेच मान्य केली, सबबी दिल्या नाहीत. मग दोन रविवार बसून मी ती फाइल मराठीत लिहिली, पोस्टातल्या मोठ्या अक्षरात, आणि फिटचं पान स्वयंपाकघरात लावलं. तरीही ही गोष्ट साधी नाही. जो कुणी अशा घरात जाईल त्याने पहिल्याच तासात विचारावं: फिट कुणाला येते, गिळायला त्रास कुणाला आहे, रात्री माझ्याबरोबर कोण, आणि गाडी कोण चालवतं.

आठवड्याची सुट्टी कागदावर आहे. चौदा आठवड्यांत मला आठ मिळाल्या. माणसं कमी पडतात हे मला दिसत होतं, पण थकलेलं माणूस आवाज चढवतं, आणि आवाज चढला की या माणसांचा अख्खा दिवस बिघडतो. दोन सहाय्यक मुली माझ्यासमोर काम सोडून गेल्या. त्यांना दोष देणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. घरातल्या एका दादांचा आणि एका ताईंचा एकमेकांवर जीव आहे. बागेत शेजारी बसतात, तो तिच्यासाठी काजूचे बोंडू निवडून आणतो. सिस्टर हे पाहून विषय बदलतात. दोघांना वेगळ्या कामाला लावलं जातं. सगळ्या बाबतीत माणसाला मोठं माणूस मानणारं घर इथे आल्यावर त्यांना पुन्हा मूल करतं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "आम्हाला अजून यावर नीट बोलता येत नाही." निदान हे तरी खरं बोलल्या.

नातेवाइकांनी मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न वेगळाच: बाटवत नाहीत ना? सरळ उत्तर देते. चौदापैकी नऊ माणसं हिंदू घरांतली आहेत आणि हिंदूच आहेत. एका काकांच्या उशाशी गणपतीचा फोटो आहे, त्याला रोज जास्वंद लागते, ती सिस्टरच काढून देतात. चौदा आठवड्यांत मला कुणी धर्माबद्दल एक शब्द विचारला नाही. पण प्रार्थना घराच्या हाडात आहे हेही खरं. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दिवेलागणीला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तिला तिथले ख्रिस्ती लोक तेर्स म्हणतात. यावंच लागतं असं नाही, पण त्या वेळी दुसरं काही चालू नसतं. ज्याला ते सोसणार नाही त्याने जाऊ नये. मी मागच्या बाकावर बसायचे. आमच्याकडे तिन्हीसांजेला परवचा म्हणायचे त्या वेळचीच ती वेळ, म्हणून मला जड गेलं नाही.

त्या वर्षी शिमगा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळात आला होता. राखेचा बुधवार, म्हणजे त्या काळाचा पहिला दिवस, ५ मार्चला झालेला, घरात शुक्रवारी मटण-कोंबडी बंद, आणि बाहेर ढोल. मला वाटलं खिडक्या लावून घेतील. पण पालखी वाडीत आली तेव्हा सिस्टरांनी सगळ्यांना नीट कपडे घालून रस्त्याच्या कडेला खुर्च्यांवर बसवलं. गावच्या मानकऱ्यांनी पालखी मुद्दाम तिथे थांबवली. दरवर्षी थांबवतात असं कळलं. आणि आरवलीच्या वेतोबाकडून जाताना एक दादा गाडी थांबवायलाच लावतात. वेतोबाला वाहिलेल्या त्या मोठाल्या चामडी चपला पाहायच्या असतात त्यांना. देव रात्री गावभर फिरतो म्हणून चपला झिजतात, ही गोष्ट ते दर वेळी आम्हाला नव्याने सांगतात, आणि फादर गाडीत असले तर त्यांनाही.

१७ एप्रिलचा पवित्र गुरुवार मात्र मी जन्मभर विसरणार नाही. येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. इथे घरी सगळे गोल बसतात आणि प्रत्येकाने शेजारच्याचे पाय धुवायचे. घमेलं, तांब्या, टॉवेल हातोहात पुढे सरकतं. माझ्या उजवीकडे त्या "किती दिस" वाल्या मावशी. एकच हात चालतो. त्यांनी माझं पाऊल मांडीवर घेतलं, तांब्या गुडघ्यांत धरून पाणी ओतलं आणि एका हाताने धुतलं. बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या भेगांवरून, दोनदा. कुणी "मी करते" म्हणून मध्ये पडलं नाही. सगळे थांबले होते. अडीच महिने मी त्यांना आंघोळ घालत होते. माझ्या पायांना आईनंतर कुणाचा हात लागल्याचं मला आठवत नाही.

चारच दिवसांनी, सोमवारी २१ तारखेला, दुपारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. सिस्टरांनी फोटोपुढे मेणबत्ती लावली. एका काकांनी विचारलं, त्यांचं जेवण झालं होतं का? सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या आणि त्याबद्दल बराच वेळ बोलल्या.

राहण्याची ही रीत इथे कशी आली तेही सांगायला हवं. थोरल्या सिस्टर तरुणपणी बंगळुरूच्या आशा निकेतनमध्ये राहिल्या होत्या. आशा निकेतन म्हणजे "लार्श" या चळवळीचं भारतातलं पहिलं घर, १९७० चं. लार्श म्हणजे फ्रेंचमध्ये तारू, बायबलमधल्या नोहाचं. ज्याँ व्हानिए या कॅनडाच्या माजी नौदल अधिकाऱ्याने १९६४ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात घर घेतलं आणि मोठ्या संस्थेत कोंडलेल्या बौद्धिक दिव्यांग पुरुषांना आपल्याबरोबर राहायला आणलं, तिथून ही सुरुवात. आज जगभरात असे दीडशेच्या वर समुदाय आहेत. वेंगुर्ल्याजवळचं हे घर त्यांची शाखा नाही, पण एक टेबल, सारखी ताटं, पाय धुणं हे तिथून आलेलं.

आणि त्याच व्हानिएंबद्दल, ते २०१९ मध्ये वारल्यानंतर, लार्शने स्वतः करवलेल्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाला: आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या दुसऱ्या अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, पण त्याने काय दिलासा मिळणार? मी हे आधीच वाचलेलं होतं आणि दुसऱ्याच आठवड्यात सिस्टरांना विचारलं. माझ्या भावाला उद्या कुणी काही केलं तर तो सांगू शकणार नाही, मग विचारायचं कुणी? त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या की वाचलं तेव्हा आठवडाभर त्यांना प्रार्थना म्हणता आली नाही. त्यांनी व्हानिएंचा फोटो काढला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नियम बदलले. बंद खोलीत घरातल्या माणसाबरोबर एकटं कुणी बसायचं नाही, फादरसुद्धा. बायकांची आंघोळ बायकाच घालणार, हाकेच्या अंतरावर दुसरी हवी. तीन महिन्यांनी बाहेरची एक समाजसेविका येऊन प्रत्येकाशी वेगळं बोलते, बोलता न येणाऱ्यांशी चित्रांच्या कार्डांनी. मी तो दिवस पाहिला. कार्डं पुरेशी नाहीत असं माझं मत झालं, पण मी पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्याही जागी एवढंही नव्हतं.

अशी घरं आपल्याकडे नवी नाहीत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी अंध बायकांना ब्रेल शिकवत होते. वेंगुर्ल्यालाही मिशनच्या दवाखान्याची सवय जुनी. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि पुढे भारतात राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मले, वडील मिशनचे डॉक्टर. माझी आजी ताप आला की "मिशनात चल" म्हणायची.

ज्यांच्या घरी भावासारखं कुणी आहे त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी, ज्या मला तिथेच कळल्या. माणूस अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं, कलेक्टर त्या समितीत असतात. आमच्यासाठी ते ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी. आईने चौपन्न वर्षं भावाला सांभाळलं, आणि कागदावर ती त्याची कुणी नव्हती. मी अर्ज केला आहे. त्याच न्यासाची निरामय ही विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. छत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून दिले मी, आणि हा मला माहीत नव्हता. आणि कुठल्याही घरात माणूस ठेवण्याआधी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी पाहा. इथे प्रमाणपत्र पुढच्या पडवीत भिंतीवर आहे, मी खुर्चीवर चढून मुदत वाचली.

आता मावशी.

एप्रिल संपत आला तशा त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. वेणी घालायला, पाठ चोळायला दुसऱ्या कुणाकडे जाऊ लागल्या. पानात मी वाढलं तर जेवत नसत. माझं काय चुकलं ते कळेना. स्वयंपाकाच्या बाईंनी सांगितलं, "तुमचे तीन म्हयने सरले. ती आधीच सोडता. मगे कमी दुखता." मी बाईंना विचारलं, यांनी आजवर किती जण जाताना पाहिले असतील? त्या म्हणाल्या, मोजून काय करशात. त्या रात्री मी स्वयंसेवकांची जुनी वही काढली. अकरा वर्षांत एकशे सात नावं. पुण्या-मुंबईची कॉलेजची मुलं पंधरा दिवसांसाठी, गोव्यातून आलेले गट एका शनिवार-रविवारसाठी, परदेशी मुली सहा महिन्यांसाठी. प्रत्येकाने शेवटी लिहिलंय, इथून मी खूप काही घेऊन जातो आहे. मावशी अकरा वर्षं तिथेच आहेत.

घर यासाठी काहीच करत नाही. माझ्या आधी गेलेली मुलगी पहाटेच्या गाडीने गेली, म्हणजे कुणी रडू नये. सकाळी तिची जागा रिकामी. दोन दिवस घर घुसमटलेलं होतं, एका दादांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मी सिस्टरांशी यावर भांडले असं म्हटलं तरी चालेल. जाणाऱ्याचा दिवस सगळ्यांना दिसेल असा कॅलेंडरवर लावा, रोज एक खूण करा, दिवसाढवळ्या निरोप द्या, आणि पंधरा दिवसांसाठी येणाऱ्यांना बागेचं काम द्या, आंघोळीचं नको. एकमेकांच्या अंगाला हात लागला की माणूस जोडलं जातं. सिस्टर म्हणाल्या, करून पाहू. जेवणाच्या खोलीत मोठं कॅलेंडर आलं. माझ्या शेवटच्या नऊ दिवसांच्या खुणा मावशींनीच केल्या, लाल पेन्सिलने, कागद फाटेपर्यंत दाबून. १० मे ला सकाळी अकराला मी सगळ्यांसमोर बॅग उचलली. मावशी रडल्या. शिव्या पण दिल्या. मी त्यांना पोस्टकार्डांचा गठ्ठा दाखवून सांगितलं की दर सोमवारी एक येईल. आजवर एकही सोमवार चुकलेला नाही. वाचता येत नाही त्यांना, पण कार्ड उशीखाली असतं असं बाई सांगतात.

तर माझं मत: तीन महिने देता येत असतील तर जा, त्याहून कमी असेल तर बागेपुरते जा. जून ते ऑगस्ट हात सगळ्यात कमी असतात, कारण तेव्हा कुणाला यायचं नसतं. कपडे वाळत नाहीत, वीज दोन-दोन दिवस नसते, ओल्या चादरी चुलीच्या उबेवर टाकाव्या लागतात. जुलैत मी गेले तेव्हा नेमकं हेच काम होतं. रेल्वेने कुडाळला किंवा सावंतवाडी रोडला उतरायचं, पुढे एसटी. मच्छरदाणी ते देतात, रेनकोट आपला न्यावा. पैसे कुणी मागत नाही आणि देतही नाही.

जुलैत मी भावाला बरोबर नेलं होतं. घर सोडून तो कधी दुसरीकडे निजलेला नाही, म्हणून आईला आणि सिस्टरांना दोनच दिवसांचं सांगून ठेवलं होतं, जमलं नाही तर त्याच रात्री परत आणायचं. पडवीत पाऊस झोडपत होता. मावशी आल्या, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "किती दिस रवतलंस?" माझ्या भावाला पाचापुढे मोजता येत नाही. त्याने अख्खा पंजा दाखवला. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेल्या आणि कॅलेंडरवर पाच खुणा करून आल्या. मी आईला फोन लावला.